घर पडल्यावर या!

पोस्ट लांब आहे. नदीकाठच्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी सवड असेल तर.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा अर्ज घेऊन सरकारी कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात गेलो असतो तरी हेच उत्तर मिळालं असतं. काकूंचं घर जुनं. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. २००५ ला कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. २०१९ ला खिडकीच्या वर आलं. २०२१ ला खिडकीच्या चार बोटं खाली थांबलं. दोनदा पाणी पिऊन मागची भिंत फुगली आहे, तिला आतून लाकडाचे टेकू लावलेत. काकू त्याच खोलीत झोपतात.

अर्जात फार काही मागितलं नव्हतं. मागची भिंत खालून चार-पाच फूट दगड-सिमेंटची करून घ्यायची आहे, विजेचा मीटर वर घ्यायचा आहे, धान्य आणि कपडे ठेवायला एक लोखंडी माळा करायचा आहे. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतला होता, तो जोडला. शासनाकडून काही मदत होईल का, एवढाच प्रश्न.

साहेबांनी अर्ज नीट वाचला. माणूस चांगला होता, चहाही विचारला. म्हणाले, "भिंत पडली आहे का?"

म्हटलं, "नाही. पडायच्या बेतात आहे."

"मग पंचनामा कशाचा करायचा? पडल्यावर या."

ते हे कुचेष्टेनं म्हणाले नाहीत. त्यांच्यासमोर जे नियम आहेत त्यात हेच लिहिलंय. घर पडल्यावर त्यांच्याकडे पैसे आहेत, पडण्याआधी नाहीत. मी अर्जावर पोच घेतली आणि बाहेर आलो. काकूंना काय सांगायचं हे मोटरसायकलवर ठरत होतं.

आता माझा या विषयाशी काय संबंध, ते थोडक्यात. माझं अक्षर बरं आहे आणि कागदपत्रांचा कंटाळा नाही, म्हणून २००५ पासून गल्लीतल्या लोकांचे पुराचे अर्ज मी लिहून देतो. तीन महापुरांचे अर्ज लिहून झालेत. नमुना ८, रेशनकार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. एका घरात तीन भाऊ, तीन चुली आणि नमुना ८ मात्र मेलेल्या वडिलांच्या नावावर, हे प्रकरण दर पुराला येतं आणि दर पुराला त्यावरून घरात भांडण होतं. आधी पाण्यानं घर जातं, मग अनुदानानं भाऊ जातो. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मुद्दा असा. एवढे अर्ज लिहिले, पण त्यातला एकही अर्ज पाणी यायच्या आधीचा नाही. सगळे नंतरचे.

दर काय आहेत ते बघा, म्हणजे कळेल. केंद्राचे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष २०२२ ला सुधारले. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. पक्क्या घराची पडझड किमान १५ टक्के असेल तर ६,५००. कच्च्या घराची तशी पडझड असेल तर ४,०००. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. ही दोन दिवसांची अट आठवते का? २०१९ ला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदळाच्या जीआरमध्ये ती छापून आली तेव्हा केवढी बोंब झाली होती. लोक चिडले ते बरोबरच होतं. पण ती अट त्या दिवशी कुणी शोधून काढली नव्हती. केंद्राच्या निकषांत ती कपड्या-भांड्यांसाठी आधीपासून होतीच. आपण वाचली नव्हती.

राज्य सरकार त्या त्या वेळी आपल्याकडून भर घालतं, हेही खरं. २०१९ ला सानुग्रह अनुदान खेड्यात १० हजार आणि शहरात १५ हजार दिलं. २०२१ ला घर पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मी पडझड असेल तर ५० हजार, पाव असेल तर २५ हजार, १५ टक्के असेल तर १५ हजार. मी स्वतः हे अर्ज भरलेत, लोकांच्या खात्यावर पैसे आलेलेही बघितलेत. कुणाला उशिरा आले, कुणाचे राहिले, पण आले. सरकार काहीच देत नाही असं मी म्हणणार नाही.

मी म्हणतो ते वेगळंच आहे. काकूंची ती मागची भिंत पुढच्या पुरात पडली आणि तेव्हाही २०२१ सारखे दर लागले, तर त्यांना २५ किंवा ५० हजार मिळतील. आज ती भिंत पडू नये म्हणून खर्च करायचा तर मिळतात शून्य. आणि ती भिंत रात्री पडली तर? मृताच्या वारसाला ४ लाख आहेत. त्याचा दर ठरलेला आहे, अर्जाचा नमुना आहे, सगळं आहे.

याच्या उलट उदाहरण आमच्या गल्लीतल्या अण्णांचं. २०१९ च्या पुरानंतर अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि घर पाडून पाच फूट उंच जोत्यावर नवं बांधलं. गल्लीतल्या लोकांनी नावं ठेवली, 'अण्णांनी घर बांधलं का देऊळ?' म्हणून. कारण पायऱ्याच अकरा. २०२१ ला पाणी आलं ते आठव्या पायरीला थांबलं. आत टिपूस नाही. गल्लीतली तीन कुटुंबं अण्णांच्या घरात आणि गच्चीवर राहिली. पूर ओसरल्यावर पंचनामा करणारी टीम आली. शेजारच्या घरांत चिखल, फुगलेली दारं, पडलेल्या भिंती. त्यांची नावं यादीत आली. अण्णांच्या घरापुढं टीम थांबलीच नाही. नुकसान नाही, मदत नाही. नियमानं बरोबर. पण कर्जाचा हप्ता मात्र अण्णा अजून फेडतायत.

अण्णांनी शासनाचे निदान दहा हजार तरी वाचवले ना? तीन कुटुंबं निवारा केंद्रात गेली नाहीत, तो खर्च वाचला. बोट पाठवावी लागली नाही. या शहाणपणाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. पूर आल्यावर नागवा उभा राहील त्याला मदत आणि आधी सावध झाला त्यानं स्वतःच्या खिशातून फेडायचं, हे गल्लीतल्या बाकीच्यांनीही बघितलं. मग पुढच्या वेळी कोण जोतं उंच करेल? एकानं तर मला तोंडावर सांगितलं, "भिंत दुरुस्त केली तर पुढच्या पंचनाम्यात बसणार नाय." हसू आलं, पण त्याचं गणित चुकीचं नाही.

आता महत्त्वाचं. "शासनाकडे यासाठी पैसेच नाहीत" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. ही पोस्ट लिहायचं कारणच ते आहे.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या कलम ४८ मध्ये राज्यानं दोन प्रकारचे निधी उभे करायचे असं लिहिलंय. एक प्रतिसाद निधी, म्हणजे आपत्ती आल्यावरचा. दुसरा सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्तीचा दणका आधीच कमी करण्यासाठीचा. दोन्ही राज्य पातळीवर आणि दोन्ही जिल्हा पातळीवरसुद्धा. सौम्यीकरण हा शब्द कुणी काढला देव जाणे, आमच्या गावात तो उच्चारता येणारी पाच माणसं निघतील. पण पैसे त्या शब्दात आहेत, म्हणून तो लक्षात ठेवा.

पुढं १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी वाटणी करून दिली. आपत्तीसाठी राज्याला जे पैसे मिळतील त्यातले ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी. महाराष्ट्राचा २०२१-२२ चा हिशेब ४,२९६ कोटी होता, त्यात तीन हिस्से केंद्राचे आणि एक राज्याचा. त्याचे २० टक्के म्हणजे सुमारे ८५९ कोटी. एका वर्षाचे.

आणि हा पैसा कशावर खर्च करायचा? इथं खरी गंमत आहे. केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय सौम्यीकरण निधी स्थापन केला, तेव्हा स्पष्ट सांगितलं की हा निधी स्थानिक पातळीवरच्या आणि लोकांच्या सहभागातल्या कामांसाठी आहे. धोका कमी करणारी, वस्ती सुरक्षित करणारी कामं. किनाऱ्याच्या भिंती, नद्यांचे पूरतट अशी मोठी बांधकामं यातून करायची नाहीत, ती नेहमीच्या विकास योजनांतून करा, असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे कोट्यवधींच्या टेंडरचा हा पैसा नाही. काकूंची भिंत, अण्णांच्या पायऱ्या, गल्लीचा उंच ओटा, गोठ्यासाठी भराव घातलेली जागा, असल्या कामांचा आहे. निदान कागदावर तरी.

२०२१ च्या पुरानंतर राज्यानं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले ७,००० कोटी सौम्यीकरणाच्या उपाययोजनांसाठी होते. आकडा ऐकून आम्ही खूश झालो होतो. त्यानंतर बोलणं कशाचं चाललंय बघा. संरक्षक भिंती, पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवायचं, जागतिक बँकेचं कर्ज. करा की, माझा विरोध नाही. जत-आटपाडीला पाणी जात असेल तर आनंदच आहे. पण या सगळ्या यादीत एक साधा अर्ज नाही, जो एखाद्या घरवाल्यानं भरावा आणि त्याच्या घराचा मीटर तीन फूट वर जावा.

हिशेब सांगतो. ८५९ कोटींतले फक्त ५ टक्के काढले तर सुमारे ४३ कोटी होतात. घरामागं ५० हजार धरले तर वर्षाला साडेआठ हजार घरं. सगळ्या राज्याला पुरणार नाही, मान्य. पण पाच वर्षं हे चाललं असतं तर कृष्णा-पंचगंगेच्या काठावर आज बरीच घरं वेगळी दिसली असती.

पन्नास हजारात काय होतं असं विचारणारे आहेत. पूरग्रस्त घरातला माणूस असं विचारत नाही. मीटर आणि बोर्ड कमरेच्या वर घेतले तर पूर ओसरल्यावर वायरिंग पुन्हा करावं लागत नाही आणि शॉक लागायची भीती नाही. संडासाच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला तर नदीच्या आधी गटार घरात येत नाही. ज्यांच्या घरात असं आलंय त्यांना सांगायला नको, ज्यांच्या घरात आलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मातीच्या भिंतीचा खालचा भाग दगड-विटेचा केला तर ती टिकते. मातीच्या भिंती पाणी असताना पडत नाहीत फार. पाणी उतरलं, वर ऊन पडलं, की मग बसतात. २०१९ ला आमच्याकडं पाणी गेल्यावर चौथ्या दिवशी भिंती पडायचे आवाज येत होते. लोक साफसफाई करायला आत गेलेले असायचे.

आणि माळा. माळ्याला लोक हसतात. पण माणूस घर सोडायला उशीर का करतो? धान्याची पोती, पोरांची पुस्तकं, टीव्ही, लग्नासाठी घेतलेलं सामान. 'आयर्विन पुलाला ४० फूट झालं, अजून वेळ आहे, ४५ झालं की निघू' असं म्हणत माणूस सामानापाशी बसतो. २०१९ ला त्याच पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी चढल्यावर बोटीतून निघणं किती धोक्याचं असतं हे आपल्या जिल्ह्याला ब्रह्मनाळनं शिकवलंय, १७ माणसं गेली तिथं. सामान वर सुरक्षित आहे अशी खात्री असेल तर माणूस म्हशी सोडून चालत, कोरड्या रस्त्यानं निघतो. माझ्या मते माळा हे जीव वाचवायचं साधन आहे. कुठल्या पुस्तकात असं लिहिलंय का माहीत नाही, तीन पूर बघून सांगतोय.

पुण्याचा एक मित्र म्हणाला की असल्या योजना जगात कुठं असतात? असतात. इंग्लंडमध्ये पुरानंतर घर दुरुस्त करताना ते पुढच्या पुराला तोंड देईल असं करण्यासाठी घरामागं ५,००० पाउंडांपर्यंत अनुदान वेळोवेळी दिलेलं आहे. पाणी अडवणारी दारं, वर घेतलेले प्लग, उलटं पाणी थांबवणारे व्हॉल्व्ह, म्हणजे मी वर जे लिहिलंय तेच. अमेरिकेत घर उचलून उंच जोत्यावर ठेवायला केंद्राचा पैसा मिळतो. तिथंही घरमालकाला थेट अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीनं गाव किंवा काउंटी राज्याकडे अर्ज करते आणि राज्य केंद्राच्या फेमा या संस्थेकडे. वर्षानुवर्षं लागतात, लोक तिथंही शिव्या देतात. पण अर्ज आहे. आणि त्या अर्जाच्या जोडीला एक कागद लागतो जो मला फार आवडला: घराच्या उंचीचा दाखला. तुमचं जोतं किती उंचीवर आणि पुराची पातळी किती, याचं मोजमाप. आपल्याकडं माणसाच्या जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा आहे, रहिवासाचा आहे. घराच्या उंचीचा नाही.

आता ज्या अडचणी आहेत त्या लपवून उपयोग नाही.

पहिली अडचण रेषांची. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. (शंभर वर्षांचा पूर आम्ही दोन वर्षांत दोनदा बघितला, असं गावातले लोक म्हणतात. शास्त्रानं ते चूक असेल, अनुभवानं नाही.) नदी ते निळी रेषा हा निषिद्ध भाग, तिथं बांधकाम करायचंच नाही. निळी ते लाल हा नियंत्रित भाग, तिथं जोतं लाल रेषेच्या वर घेऊन बांधता येतं. अधिकारी म्हणतात, निळ्या रेषेतल्या घराला अनुदान देणं म्हणजे चुकीच्या जागी राहायला प्रोत्साहन. या म्हणण्यात दम आहे. मलाही ते पटतं. पण आमचं गावठाण त्या रेषेच्या आधीचं आहे हो. रेषा आमच्या अंगावरून गेलीय, आम्ही जाऊन रेषेत बसलो नाही.

मग निळ्या रेषेतल्यांना उचलून दुसरीकडं न्या, असं म्हणाल. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीकडं बघा. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिल्या. २०१९ ला चिखली-आंबेवाडीतून माणसं बोटीनं काढायची वेळ आलीच. नुसता प्लॉट दाखवून गाव हलत नाही. जागा नावावर पाहिजे, घर बांधायला पैसे पाहिजेत, शेत नदीकाठी आणि घर लांब असं असेल तर जनावरांची सोय पाहिजे. पुनर्वसन नीट करणार असाल तर काकू जातील. तीस-तीस वर्षं लावणार असाल तर तोपर्यंत भिंत तरी उभी राहू द्या.

दुसरी अडचण आपलीच. आपल्या जिल्ह्यात पूर म्हटलं की चर्चा एका मिनिटात अलमट्टीवर जाते. ५१९ मीटर का ५२४ मीटर, कोयनेतून कधी सोडलं, कर्नाटकानं दरवाजे कधी उघडले. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, ते लढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण अलमट्टीचा निकाल आमच्या हयातीत लागो न लागो, आमच्या घरातला मीटर आमच्या हाताला येतो ना? अलमट्टीवर भाषण करणाऱ्या एकाही नेत्याच्या तोंडून मी 'जोतं' हा शब्द ऐकलेला नाही.

तिसरी शंका: असली योजना आली की बोगस लाभार्थी येणार. येणार. पंचनाम्यात येत नाहीत का? उलट जोतं उंच झालं की नाही हे फूटपट्टी लावून बघता येतं. १४ टक्के पडझड आणि १५ टक्के पडझड यातला फरक कुठल्या पट्टीनं मोजतात ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

मग करायचं काय?

एकट्यानं अर्ज करून काही होत नाही, काकूंच्या अर्जानं मला ते शिकवलं. तो अर्ज आता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' गेला आहे. तो परत आला तर मीच पेढे वाटीन. म्हणून मार्ग बदलायचा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा ते करतात, आणि त्या आराखड्यात धोक्याच्या जागा कोणत्या आणि तिथं आधीच काय उपाय करायचे हे लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं आमच्या गल्लीचं नाव पाहिजे. आणि ते नाव जायचा रस्ता ग्रामसभेतून आहे.

१ मेची ग्रामसभा येतेय. दरवर्षी आपण तिथं रस्ता, गटार आणि दारूबंदीवर ओरडून घरी येतो. या वेळी नदीकाठच्या प्रत्येक गावानं एक ठराव घ्यावा असं माझं म्हणणं आहे. नुसता "पूरग्रस्तांना मदत मिळावी" असला नको, तसले ठराव कपाटात ढिगानं आहेत. ठरावासोबत घरांची यादी जोडायची. घर क्रमांक, नमुना ८ प्रमाणे मालक, प्रत्यक्षात किती चुली, भिंत कशाची, जोत्याची उंची, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं त्याची जमिनीपासून मोजलेली उंची, आणि त्या घराला नेमकं कोणतं काम पाहिजे. पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. रंग द्यायच्या आधी टेप लावून मोजून घ्या आणि फोटो काढा. ज्यांच्या नावावर घर नाही, जे गायरानात किंवा भाड्यानं राहतात, त्यांची यादी वेगळी करा, पण करा. पाणी सातबारा बघून आत येत नाही.

ठरावात मागणी एकच: जिल्हा सौम्यीकरण निधीतून घरपातळीवरच्या कामांसाठी अनुदान, ज्यांनी आधीच पदरमोड करून जोतं उंच केलंय त्यांनाही त्यात धरून. हे शेवटचं वाक्य अण्णांसाठी आहे आणि ते मी गाळू देणार नाही. प्रत तहसीलदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना, पालकमंत्र्यांना, आणि आमदारांना तर द्यायचीच.

यातून पैसे येतीलच असं मी कुणाला सांगत नाही. पण पन्नास गावांच्या मोजलेल्या याद्या एका टेबलावर पडल्या तर "पडल्यावर या" असं म्हणणं जरा जड जाईल. आणि नाहीच काही झालं तर पुढच्या पुरात कुणाचं घर आधी रिकामं करायचं, याची यादी तरी गावाकडं तयार असेल.

आमच्या गल्लीत मोजणी रविवारी सुरू केली. पहिल्या दिवशी एकोणीस घरं झाली. अण्णांनी टेप धरला. काकूंच्या मागच्या भिंतीवर २०१९ ची खूण जमिनीपासून पाच फूट दोन इंच आहे. टेकू आणखी दोन लावले.

ठरावाचा मसुदा आणि यादीचा तक्ता तयार आहे. ज्या गावांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, पाठवतो. त्यात चूक दिसली तर दुरुस्त करून मलाही परत पाठवा.